एका पत्तीच्या भावात शिट्टी

सटवाजी मास्तरांच्या तोंडात एका वेळी दोन जिनसा असायच्या. उजव्या गालात क्लॅरोनेटची पत्ती आणि डाव्या गालात तंबाखू. पत्ती म्हणजे बोटाएवढी पातळ काडी. ती क्लॅरोनेटच्या तोंडाला बसवतात आणि तीच थरथरून वाजते. कोरडी पत्ती वाजत नाही, म्हणून आधी लाळेनं भिजवावी लागते. मास्तर दारात पत्ती भिजवत बसायचे आणि भिजवता भिजवता बोलायचे. दोन्ही गाल भरलेले असल्यामुळं नव्या माणसाला त्यांचं एक अक्षर कळायचं नाही. मला कळायला बरेच दिवस लागले.

मी गंगाखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेवर आले तेव्हा गोदावरीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत खोली मिळाली. त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. घरमालकानं "हे आपले मास्तर" अशी ओळख करून दिली, तेव्हा मी सहज विचारलं, "कोणत्या शाळेवर?" त्यांनी डावीकडची पिंक टाकली, उजवीकडची पत्ती काढून हातात घेतली आणि म्हणाले, "आमची शाळा वरातीपुढं असती, बाई. लग्नसराईत भरती अन् पावसाळ्यात सुटती."

उंच, काळेसावळे, रोज गुळगुळीत दाढी केलेले. बँडपार्टीतल्या बाकीच्यांचे लाल कोट मालकाकडं खुंटीला असायचे, यांचा घरी असायचा आणि त्याची पितळी बटणं त्यांची बायको चंद्रकलाबाई राखेनं घासायच्या. क्लॅरोनेटही त्यांचं स्वतःचं होतं. ते घ्यायला त्यांनी तरुणपणी कारखान्याच्या दोन-तीन हंगामांत ऊस तोडला होता. बाकीच्या वादकांना वाद्यं मालक द्यायचा आणि वरात संपली की परत मोजून घ्यायचा. मास्तर मात्र आपली काळी पेटी काखेत मारून सरळ घरी यायचे. आल्यावर चहाच्या आधी ते क्लॅरोनेट उकलायचे, जुन्या धोतराच्या फडक्यानं आतून पुसायचे, मग हातपाय धुवायचे. मुलगी सारिका तेव्हा माझ्याच वर्गात, चौथीत होती. तिला त्या पेटीला हात लावायची मुभा नव्हती.

त्यांचा राग मी एकदाच पाहिला. बोरीकडच्या एका गावी शाळेतल्या शिपायाच्या पुतणीचं लग्न होतं, आम्ही सगळे शिक्षक गेलो होतो. बँड यांचाच. दुपारी पंगती उठल्या तेव्हा बँडवाल्यांना जेवायला बसवलं ते खरकटी भांडी घासत होते त्या मोरीजवळ. बाकीचे बसलेही. मास्तर उभेच राहिले. पान वाढून झालं तरी बसेनात, म्हणून मुलीचा बाप आला.

"का हो मास्तर, काय कमी पडलं?"

"कमी काईच न्हाई मालक," मास्तर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, पण मानेची शीर दिसत होती. "तुमच्या मांडीला मांडी लावून बसवा असं आमचं म्हननं न्हाई. पन हितं पान वाढू नका. हितं बसल्यावर हे तुमच्या पोरीच्या लग्नाचं जेवन हाय का त्या भांड्यातलं उष्टं हाय, तेच कळंना."

बाप ओशाळला. मांडवाच्या कडेला सतरंजी टाकली गेली. मास्तर जेवले, पण गोड पदार्थ पानात तसाच ठेवून उठले. संध्याकाळी पाठवणीला त्यांनी असं वाजवलं की तो बाप खांबाला धरून रडला. परत येताना टेंपोत मी म्हटलं, "मास्तर, राग विसरलात वाटतं." तर म्हणाले, "राग बापावर व्हता, बाई. पोरीचं काय?"

शाळेसाठी वाद्य घ्यायचं निघालं ते पुढच्या वर्षी. पालकांनी थोडेफार पैसे जमवले होते. काय घ्यावं ते कळेना, म्हणून मी मास्तरांकडं गेले.

"पेटी म्हनाल तर न्हाई येनार," ते म्हणाले. "जुनी आली तर भात्यातून वारं जानार. तबला-डग्गा येतो, पन वाजवनार एकजन. बाकीच्या लेकरांनी काय नुसत्या टाळ्या पिटायच्या? क्लॅरोनेट तर इसराच. एका क्लॅरोनेटात दुभती म्हैस येती दारात."

मी पिशवीतून टिनाची शिट्टी काढून त्यांच्यापुढं ठेवली. जत्रेत मिळते ती, वर सहा भोकं, एक टोक चपटं, तोंडात धरून फुंकलं की वाजते. वर्गातल्या सगळ्या लेकरांना एकेक येत होती आणि वर पैसे उरत होते.

मास्तरांनी तिला हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग खिशातून कागदात गुंडाळलेली कोरी पत्ती काढून शिट्टीशेजारी ठेवली.

"ह्या एका पत्तीच्या भावात ती अख्खी शिट्टी येती, ठावं हाय का? अन् पत्ती तर नुसती काडी. चार वराती झाल्या की फेकायची." त्यांनी पत्ती उचलून परत गुंडाळली. "इतक्या सस्त्यात सूर मिळत असता तर आमी कामून ऊस तोडत बसलो असतो?"

"लेकरांना शिकवाल का एवढं सांगा."

"शिट्ट्या फुकायला मास्तर कशाला लागतो? फुकतेल की ते त्येंचे त्ये."

आणि खरंच फुंकल्या. आठ-दहा दिवस शाळेत आणि गल्लीत कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना. शेवटी मुख्याध्यापकांनी सगळ्या गोळा करून कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात ठेवली. सारिकानं आपली तेवढी दप्तराच्या तळाशी घालून घरी नेली होती. मास्तर घरात नसले की ती वाजवायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, आणि गल्लीच्या तोंडाशी मास्तरांची चप्पल वाजली की बंद व्हायचं.

पुढं काय झालं ते सगळ्या गावांत झालं तसंच. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून डीजे आले. पहिल्यांदा मोठ्या घरच्या लग्नांत, मग सगळ्यांच्याच. बँडमालकानं निम्मी माणसं कमी केली, मग उरलेलीही. मास्तर कधी मोंढ्यात धान्याची पोती उचलायला जायचे, कधी रंगकाम करायचे. तरी सकाळी क्लॅरोनेट काढून बसायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "तोंड मोडलं तर परत बसत न्हाई." क्लॅरोनेटला तोंड लागतं. खालचा ओठ दातांवर घडी घालून दाबावा लागतो, दोन्ही गाल घट्ट धरावे लागतात, वारा कोपऱ्यातून जराही निसटता कामा नये. सवय सुटली की ओठ ढिला पडतो. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं.

म्हणून डाव्या गालात आतून जखम झाली तेव्हा त्यांनी दोष पत्तीला दिला. "पत्ती लागली," म्हणाले. मग तंबाखू उजव्या गालात धरायला लागले आणि पत्ती डाव्या. जखम बरी होईना. तिखट बंद झालं, मग भाकरी दुधात कुस्करून खाणं सुरू झालं. चंद्रकलाबाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "बाई, त्यांचं तोंडच उघडंना. दोन बोटं जायनात आत. तुमी सांगा की दवाखान्याचं. माजं ऐकनार न्हाईत."

मी सांगितलं. त्यांनी माझंही ऐकलं नाही. त्यांना एका जुन्या ओळखीच्या माणसाच्या घरचं लग्न घ्यायचं होतं, ते लोक डीजे नको म्हणत होते. त्या लग्नात मास्तरांनी वाजवलं. घरी येऊन क्लॅरोनेट उकललं तेव्हा पत्ती लाल झालेली होती. त्यांनी ती चंद्रकलाबाईंच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चल, कुठं जायचं ते."

नांदेडला ऑपरेशन झालं. डावीकडचा अर्धा खालचा जबडा काढला, त्यातले दात गेले, गाल गेला. छातीवरची कातडी उचलून गालाच्या जागी बसवली. घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती आणि अर्धा चेहरा दुसऱ्याच कुणाचा असावा असा आत गेलेला होता. सारिका तोवर बारावी होऊन कापडाच्या दुकानात लागली होती. ती नळीतून ताक, पेज, डाळीचं पाणी सोडायची. चंद्रकलाबाईंनी मला एकदा हळूच सांगितलं, "छातीवरचे केस व्हते बाई त्या कातडीला. आता तोंडाच्या आतून उगवायलेत. रोज दाढी करनारा मानूस, अन् त्याला आतून दाढी." सांगताना त्यांना हसू आलं, आणि हसू यायला नको होतं म्हणून मग रडू आलं.

क्लॅरोनेट त्याच दिवसांत विकलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं, पण पुढं रेडिएशननं शेकायला पुन्हा नांदेडला जाऊन राहायचं होतं. घेणारा पूर्णेहून आला, तिकडच्या एका पार्टीत वाजवणारा तरुण. मी तिथं होते. त्यानं पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि अवघडून मास्तरांकडं बघितलं. "वाजवून बगू का?" मास्तरांनी मान हलवली. तो वाजवायला लागला. बरं वाजवत होता. मधेच एक सूर चिरकला. त्याला वाटलं आपलं चुकलं, त्यानं परत घेतलं, परत चिरकलं. मास्तर उठले, नळी सांभाळत त्याच्याजवळ गेले आणि एका चावीखाली नखानं दाबून दाखवलं. तिथलं बूच झिजलं होतं. चावी जरा जोरात दाबायची, एवढं त्यांनी खुणेनं सांगितलं. त्या तरुणानं पुन्हा फुंकलं, सूर नीट लागला. त्यानं वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. मास्तर भिंतीकडं तोंड करून आडवे झाले आणि तो जाईपर्यंत वळले नाहीत.

नळी निघाली. बोलणं परत आलं, पण आता डाव्या कोपऱ्यातून लाळ गळायची, खांद्यावर कायम फडकं. बाहेर जाणं त्यांनी बंद केलं. लहान पोरं घाबरायची, आणि मोठी माणसं बोलताना त्यांच्या कपाळाकडं बघायची. ते त्यांना पोरांच्या घाबरण्यापेक्षा जास्त लागायचं.

एका दुपारी भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू आली. मला वाटलं सारिका लवकर आली. पण सूर सारखे तुटत होते, मधेच नुसता वारा. मी दार ढकलून बघितलं तर मास्तर कोनाड्याखाली बसले होते आणि त्यांच्या हातात सारिकाची ती टिनाची शिट्टी होती. मला बघून त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"हिला ओठ लागत न्हाई, बाई," ते म्हणाले. शब्द घरंगळत येत होते. "हिला काईच लागत न्हाई. वारं तेवढं गेलं पायजे."

वारंच जात नव्हतं. ते डाव्या गालातून निसटायचं, आणि दोन्ही हात भोकांवर लागत असल्यामुळं गाल दाबायला हात नव्हता. मग चंद्रकलाबाईंनी एक लुगड्याची पट्टी फाडली. हनुवटीखालून घेऊन डाव्या गालावर घडी ठेवून डोक्यावर गाठ मारली. शिट्टी उजव्या कोपऱ्यात. मास्तरांनी फुंकलं आणि सूर सरळ आला.

त्यानंतर ते रोज वाजवायचे. मला संगीतातलं कळत नाही. एवढं सांगते की जत्रेतल्या शिट्टीतून असं काही निघतं हे मला माहीत नव्हतं. भोक पूर्ण न झाकता बोट थोडं सरकवून ते मधले सूर काढायचे. वरच्या पट्टीला जायचे नाहीत, तेवढा दम धरवत नव्हता. खालच्या पट्टीत पाठवणीच्या चाली, हळदीच्या चाली, सगळा गेला जन्म. शिट्टीबद्दल आधी काय बोलले होते ते त्यांनी कधी काढलं नाही, मीही काढलं नाही. एकदा मात्र शिट्टी पुसता पुसता म्हणाले, "ऊस तोडून घेतलेलं गेलं. हे कुनी इकत घेनार न्हाई, म्हनून ऱ्हाईल."

सारिकाचं लग्न जमलं ते परभणीकडच्या एका गावी. मुलगा एका दुकानात हिशेबाला. मुलाकडच्यांना डीजे हवा होता, तो ठरला. आणखी एक निरोप मध्यस्थानं चाचरत आणला, की मुलीच्या वडिलांनी स्टेजवर फार पुढं पुढं करू नये, फोटो निघतात. चंद्रकलाबाई भडकल्या. मास्तर म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." आणि थोड्या वेळानं, "पाठवनीला तेवढं मी वाजवनार. ते सांगून ठेव."

लग्नाच्या दिवशी ते मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या चुलीजवळ खुर्ची टाकून बसून राहिले. कन्यादानाला त्यांच्या थोरल्या भावाला उभं केलं. उन्हं उतरल्यावर सजवलेल्या गाडीचं दार उघडलं, डीजे जरा थांबला, आणि मास्तर पुढं आले. अंगात लाल कोट होता, तोंडाला पट्टी बांधलेली.

मुलाचा मामा गाडीजवळ उभा होता. तो मोठ्यानं म्हणाला, "हे तोंड बांधून कोन उभं केलंय? मड्याची हनुवटी बांधतेत तसं. शुभकार्यात बरं दिसतंय का?"

मास्तरांनी हात वर नेला, गाठ सोडली, पट्टी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. मग शिट्टी तोंडात धरून फुंकली. नुसता फस्स असा आवाज आला. परत फुंकली. एखादा सूर लागायचा आणि विरायचा, लाळ कोटाच्या बटणांवर गळत होती. मागच्या पोरांत कुणीतरी हसलं. एकानं मोबाईल वर धरला. मामानं डीजेवाल्याला हात केला.

सारिका गाडीत एक पाय ठेवून उभी होती. ती खाली उतरली. बापासमोर गेली आणि आपला मेंदीचा तळवा तिनं त्यांच्या डाव्या गालावर, त्या छातीवरून आणलेल्या कातडीवर, घट्ट दाबून धरला.

"वाजवा, पप्पा," ती म्हणाली.

त्यांनी वाजवलं. पूर्ण चाल वाजवली. तोवर सारिकानं हात काढला नाही. चाल संपली तेव्हा ती त्यांच्याकडं एकटक बघत होती आणि ते तिच्याकडं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं हात काढला, तो ओला झालेला होता, तो तिनं शालूला पुसला आणि गाडीत जाऊन बसली. डीजे सुरू झाला तेव्हा मांडवाचे पत्रे हादरायला लागले.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. सासरी सारिकाला शिट्टीवाल्याची म्हणून हाक पडली. ज्यानं मोबाईल वर धरला होता त्याच्या कृपेनं तो प्रसंग सगळ्या पाहुण्यांत फिरला, आणि मामाचा अपमान झाला असं ठरलं. पहिल्या दिवाळीला तिला पाठवलं नाही. माणसं आणायला गेली तर, "तिकडं आजारपन हाय, पोटुशी बाई कशाला?" असं उत्तर मिळालं. त्याच सुमारास मास्तरांच्या मानेवर, उजव्या बाजूला, गाठ आली. नांदेडच्या डॉक्टरांनी चंद्रकलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. मास्तरांना सांगायची गरज पडली नाही. गाठ फुटल्यावर वास यायला लागला, बोलणं पुन्हा खुणांवर आलं आणि उजव्या कोपऱ्यानंही शिट्टी धरवेना. त्यांनी ती कोनाड्यात ठेवून दिली, पुन्हा काढली नाही.

ते उन्हाळा लागताना गेले. मी तेव्हा प्रशिक्षणाला बाहेरगावी होते. माझ्याजवळ आहे ती त्याआधीची भेट, आणि तिला भेट म्हणावं की नाही तेही मला सांगता येत नाही.

मी परभणीहून एसटीनं गंगाखेडला परत येत होते. गोदावरीच्या पुलावर उसाची ट्रॉली मोडून पडली होती, दोन्हीकडच्या गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. मी खिडकीशी. समोरून, पुलाच्या कडेनं, मास्तर आणि चंद्रकलाबाई चालत येत होते. शेकलेल्या कातडीला ऊन सोसत नाही म्हणून बाईंनी त्यांच्यावर छत्री धरली होती, त्या स्वतः उन्हात होत्या. सारिका परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, ते दोघं तिकडं निघाले होते. हे सगळं मला चंद्रकलाबाईंनी नंतर सांगितलं. ऑटोतल्या लोकांनी वास येतोय म्हणून त्यांना पुलाच्या अलीकडं उतरवलं होतं. पुढं एका टेंपोवाल्यानं मागं बसू दिलं. दवाखान्यात मास्तरांनी बाळ दारातून बघितलं. जवळ जायला सासूनं नको म्हटलं, आणि त्यांनी हट्ट धरला नाही.

पण पुलावर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते माझ्या खिडकीखाली आले आणि थांबले. फडक्यानं तोंड झाकलेलं होतं, डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी हाताचा पंजा उलटा करून विचारलं, कुठून?

"परभणीहून, मास्तर. मीटिंग होती."

त्यांनी मान हलवली. एसटीनं हिसका दिला, इंजिन वाढलं. मास्तर एकदम दोन पावलं पुढं आले आणि हातानं भराभरा काहीतरी दाखवायला लागले. मला समजेना. ते माझ्याकडं, मग खाली, मग बसच्या मागच्या चाकाकडं बोट करत होते. मी खाली बघितलं. माझा पदर खिडकीतून बाहेर गेला होता आणि वाऱ्यावर उडत होता.

मी तो आत ओढून घेतला. वर बघितलं तोवर बस बरीच पुढं आली होती. मागं वळून पाहिलं तर चंद्रकलाबाई छत्री त्यांच्या बाजूला आणखी कलती करत होत्या, आणि ते माझा पदर आत गेला का ते बघत तिथंच उभे होते.